डंबेल्सची पेटी उघडावी की नाही?

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळाचे सन्माननीय सदस्य,



दिवाळीच्या सुट्टीत शाळेची भांडारखोली आवरायला काढली होती. मोडकी बाके, स्नेहसंमेलनातले पुठ्ठ्याचे मुकुट, फाटलेले नकाशे अशा पसाऱ्याखाली एक लाकडी पेटी निघाली. उघडून पाहिली तर आत डंबेल्स! लोखंडी नव्हेत, लाकडी. रंग उडालेले, पण एकही तडकलेला नाही. शिपाईकाकांनी त्यातला एक समोरच्या किराणा दुकानातून तोलून आणला. अर्ध्या किलोच्याही आत भरला.

जुन्या माजी विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा सगळा उलगडा झाला. लेझीम आणि घुंगुरकाठीप्रमाणे डंबेल्सचीही कवायत असे. दोन्ही हातांत एकेक डंबेल घ्यायचा आणि शिक्षकांच्या 'एक, दोन, तीन, चार'वर ते एकमेकांवर वाजवत हात वर, बाजूला, पुढे न्यायचे. शंभर मुलांचे डंबेल्स एकाच ठोक्याला वाजले की मैदान दणाणून जाई, असे एका आजोबांनी मला सांगितले. सांगताना त्यांचे हात आपोआप खांद्यापर्यंत उचलले गेले होते, आणि तेही अगदी तालात.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली. आपल्या शाळेतील अकरावीचा एक विद्यार्थी (नाव लिहीत नाही, त्याची परवानगी घेऊनच लिहिते आहे) उजवा हात पोटाशी धरून माझ्या खोलीत आला. चुलतभावाकडून साडेसात किलोंचे दोन डंबेल्स आणून तो घराच्या गच्चीवर रोज खांद्याचा व्यायाम करीत होता. मोबाईलवर पाहून शिकलेला. चार आठवड्यांत हात खांद्याच्या वर जाईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे भालाफेक आणि क्रिकेट बंद सांगितले. विभागीय स्पर्धेची त्याची संधी गेली.

मी विचारले, "दुखायला लागलं तेव्हाच का थांबला नाहीस रे?"

तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं दुखलं म्हणजेच बॉडी बनतेय."

हे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. या मुलाला आपण अकरा वर्षे शिकवले. त्रिकोणमिती शिकवली, संधी-समास शिकवले. पण स्वतःच्या शरीराचे दुखणे कोणते चांगले आणि कोणते वाईट, एवढे मात्र आपण त्याला शिकवले नाही.

ही बातमी पसरल्यावर दोन मते पुढे आली. काही पालक म्हणाले, "वजनं उचलणं बंदच करा. वाढीच्या वयात उंची खुंटते." एका विश्वस्तांनी सुचवले की ती सापडलेली पेटीही भंगारात द्यावी, उगीच जोखीम नको. दोन्हींमागची काळजी मला समजते. तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते आज आपल्यासमोर मांडते. माझे शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. लिहिताना कुठे हिंदीचा गंध आला तर ग्वाल्हेरचे पाणी समजून सांभाळून घ्यावे.

बंदीने काय साधेल?

आपण शाळेत बंदी घातली, म्हणून डंबेल्स काही गावातून जाणार नाहीत. ते गच्चीवर, मित्राच्या खोलीत, गल्लीतल्या जिममध्ये आहेतच. बंदीने एवढेच होईल की मुले ते आपल्या नजरेआड उचलतील. आणि त्या मुलाचे नुकसान नजरेआडच झाले. लोखंडाचा त्यात काही दोष नव्हता. वजन चुकीचे, पद्धत चुकीची, आणि थांब म्हणून सांगणारे जवळ कोणी नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते घडले.

उंची खुंटण्याच्या भीतीबद्दलही थोडे. हाडांच्या टोकांशी वाढीचे कोवळे भाग असतात आणि त्यांना इजा होऊ शकते, हे खरे. पण ती इजा होते अचाट वजन, झटके आणि देखरेखीचा अभाव यांमुळे. योग्य पद्धतीने, हलक्या वजनाने आणि जाणकाराच्या नजरेखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटते असे आढळलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली आपले हेच मत पुन्हा मांडले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंग हलवणारी मेहनत करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. मोठ्यांसाठीही स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस सांगितला आहे. म्हणजे पालकहो, हा लेख आपल्यासाठीही आहे.

खांदा हा बशीवरचा चेंडू

आपल्या शरीरातला सर्वांत मोकळा सांधा खांद्याचा. हात पुढे, मागे, वर, बाजूला, गोल, सगळीकडे फिरतो. पण हे स्वातंत्र्य फुकट मिळालेले नाही. मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात मात्र मोठा गोळा अगदी उथळ खोबणीला टेकलेला असतो. बशीवर चेंडू ठेवावा तसा. तो घसरू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला चारी बाजूंनी ओढून धरतात. डॉक्टर त्यांना 'रोटेटर कफ' म्हणतात. खांद्याला बाहेरून जो गोल, भरदार आकार दिसतो, तो डेल्टॉइड या मोठ्या स्नायूचा.

हात बाजूने वर उचलताना मोठा स्नायू हाडाला वर ओढतो आणि लहान स्नायू गोळा जागेवर धरून ठेवतात. वर एक हाडाचे छप्पर आहे. त्या छपराखालच्या चिंचोळ्या जागेतून लहान स्नायूची दोरी जाते. मोठा स्नायू जोरात आणि लहान स्नायू थकलेले, अशी स्थिती झाली की गोळा वर सरकतो आणि ती दोरी पुन्हा पुन्हा रगडली जाते. मग हात अर्धा वर गेला की कळ येते. मुलांना जे दिसते ते फक्त वरचे मोठे, आरशातले. जे दिसत नाही त्यावर सगळा डोलारा उभा असतो. शाळेचेही असेच असते, पण तो विषय वेगळा.

साडेसात किलो म्हणजे किती?

आता थोडे भौतिकशास्त्र. हिंदीत आम्ही 'उत्तोलक' शिकलो, तुम्ही मराठी घरात त्याला तरफ म्हणता. तरफेचा नियम असा की वजन टेकूपासून जितके दूर, तितका त्याचा फिरवण्याचा जोर जास्त. डंबेल मांडीजवळ लटकत असतो तेव्हा तो खांद्याला फक्त खाली ओढतो. पण हात आडवा झाला की तोच डंबेल खांद्यापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर जातो.

साडेसातला साठने गुणा, ४५० झाले. आता उचलणाऱ्या स्नायूची ओढ सांध्याच्या मध्यापासून जेमतेम काही सेंटिमीटरवर लागते. ढोबळमानाने ३ सेंटिमीटर धरू. ४५० ला ३ ने भागा. १५० आले! म्हणजे साडेसात किलोंचा डंबेल आडवा धरण्यासाठी स्नायूला दीडशे किलोंच्या आसपास ओढावे लागते. यात हाताचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. एक हात शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के असतो. ५० किलोंच्या मुलाचा हातच अडीच किलोंचा.

नववीच्या मुलांनी घरी हा प्रयोग करून पाहावा. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. ती छातीजवळ धरून एक मिनिट उभे राहा. मग तीच बाटली हात लांब करून एक मिनिट धरा. पुस्तकातला तो धडा पुन्हा वाचावा लागणार नाही.

जड लोखंड उचलून दाखवण्यात शौर्य असेल, पण खांद्याच्या या विशिष्ट व्यायामात ते कामाचे नाही. इथे हलके वजनही पुरेसे जड असते. जुन्या शाळेने अर्ध्या किलोचे लाकूड हातात दिले, त्यामागे नुसती काटकसर नव्हती.

रीत

माझ्या विनंतीवरून आपल्या पी.टी.च्या सरांनी आणि एका पालक फिजिओथेरपिस्ट ताईंनी मिळून खालील रीत बसवली. ती मी स्वतः करून मगच लिहिते आहे.

पहिली गोष्ट, अंग गरम करणे. आपल्याकडे पौष-माघात सकाळी बोटे वाकत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगावे? त्या थंडीत स्वेटर काढून थेट डंबेल उचलणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण. पाच मिनिटे जागेवर धावा, खांदे पुढे-मागे दहा-दहा वेळा फिरवा, रिकाम्या हातांनी तोच व्यायाम एकदा करा. हिवाळ्यात हेच दहा मिनिटे करा.

मग उभे राहणे. दोन्ही पायांत खांद्यांइतके अंतर, गुडघे किंचित सैल, पोट हलके आत, पाठ सरळ, मान मोकळी. खांदे कानांपासून लांब. डंबेल्स मांड्यांच्या बाजूला, तळवे आतल्या बाजूस. कोपर अगदी थोडे वाकलेले ठेवायचे आणि शेवटपर्यंत तेवढेच वाकलेले राहू द्यायचे.

आता उचलणे. तुम्ही जमिनीवर काढलेल्या मोठ्या घड्याळाच्या मध्यावर उभे आहात आणि बारा तुमच्या नाकासमोर आहेत असे समजा. अगदी बाजूला म्हणजे तीन आणि नऊ. हात तिकडे न्यायचे नाहीत. उजवा हात दोनच्या दिशेने आणि डावा दहाच्या दिशेने उचलायचा. खांद्याचे पाते पाठीवर थोडे तिरके बसलेले असते आणि हात त्याच्या रेषेत उचलला तर सांध्याला जागा मिळते. अंगठ्याची बाजू किंचित वर असावी. काही जण लोट्यातून पाणी ओतल्यासारखा अंगठा खाली वळवायला शिकवतात. ते करू नये, त्याने ती चिंचोळी जागा आणखी चिंचोळी होते.

हात खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा. तिथे थांबायचे. मनातल्या मनात 'एक, दोन' म्हणत वर, 'एक' म्हणून थांबा आणि 'एक, दोन, तीन' म्हणत खाली. वर नेताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. श्वास कोंडायचा नाही. डंबेल खाली पडू द्यायचा नाही, आणायचा. निम्मा फायदा त्या सावकाश खाली आणण्यात आहे आणि सगळ्यांची घाई नेमकी तिथेच असते.

असे दहा ते बारा वेळा. एक-दीड मिनिट विश्रांती, मग आणखी एक फेरी. सुरुवातीला दोन फेऱ्या पुष्कळ. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. स्नायू भरतो तो विश्रांतीत, हे मुलांना खरे वाटत नाही. पण परीक्षेच्या आदल्या रात्रभर जागून जे होते तेच इथेही होते.

वजन किती? आठवीच्या मुलामुलींनी आधी रिकाम्या हातांनी, मग अर्ध्या किलोने. मोठ्यांनी एक किलोपासून. शेवटचे दोन वेळा उचलताना मेहनत वाटावी, पण ढंग बिघडू नये, ते तुमचे वजन. पंधरा वेळा सहज जमू लागले की मगच पुढचे वजन. आणि लक्षात ठेवा, एक किलोवरून दोन किलो म्हणजे एक पायरी नव्हे, दुप्पट.

चार चुका

पी.टी.च्या सरांनी महिनाभर मुलांकडे पाहून चार चुका टिपल्या. पहिली, झोका. कंबर मागे-पुढे झुलवून डंबेल फेकल्यासारखा वर नेणे. यात खांदा काही करत नाही, कंबर मात्र दुखते. दुसरी, खांदे कानांपर्यंत नेणे. मग मानेचे स्नायू काम करतात आणि रात्री मान धरते. तिसरी, खांद्याच्या खूप वर हात नेणे. सुरुवात करणाऱ्याला त्याची गरज नाही. चौथी, फक्त पुढचेच व्यायाम. आरशात छाती दिसते, पाठ दिसत नाही, म्हणून मुले पाठ विसरतात. दिवसभर वहीवर वाकून, दप्तर पाठीवर टाकून आणि मोबाईलवर मान घालून खांदे पुढे आलेलेच असतात. म्हणून बाजूने हात उचलण्याच्या एका फेरीसोबत कमरेतून पुढे वाकून, पाठ सरळ ठेवून, हात मागे-बाजूला उचलण्याची एक फेरी हवीच. तिच्यात वजन आणखी कमी.

आणि दुखण्याबद्दल. स्नायूत जडपणा, गरम वाटणे, दुसऱ्या दिवशी अंग ठणकणे हे मेहनतीचे दुखणे, दोन-तीन दिवसांत जाते. पण सांध्यात सुई टोचल्यासारखी कळ, हात अर्धा वर गेला की येणारी कळ, रात्री झोपू न देणारे दुखणे, हातात मुंग्या किंवा बळ कमी वाटणे, यातले काहीही झाले तर त्या क्षणी थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. मोठ्या माणसांना खांदा किंवा डावा हात दुखण्याबरोबर छातीत दाब आणि घाम आला, तर तो खांद्याचा प्रश्न समजून तेल चोळत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

माझी फजिती

हे सगळे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर माझा डावा खांदा आखडला. 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा आम्हा बायकांत हा जास्त होतो. मधुमेह असेल तर शक्यता आणखी वाढते. वरच्या फळीवरचा डबा काढता येईना, अंबाडा घालता येईना. मी डावखुरी आहे. फळ्यावर मी फक्त खालच्या अर्ध्या भागात लिहिते, हे सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आले असेल, तर सहावीच्या मुलींच्या!

फिजिओथेरपिस्ट ताईंनी सुरुवातीला मला टेबलावर एक हात टेकून दुसरा हात घड्याळाच्या लंबकासारखा नुसता हलवायला सांगितला. वजन वगैरे काही नाही. पुष्कळ महिन्यांनी अर्धा किलो दिला, तोही अर्धा लिटरची पाण्याची बाटली. मला लाज वाटली. मुख्याध्यापिका, शिस्तीची, आणि व्यायामाला पाण्याची बाटली! म्हणून एके दिवशी घरात कोणी नसताना मुलाचे दोन किलोंचे डंबेल्स उचलले. तिसऱ्याच वेळी कळ आली. झालेल्या प्रगतीतले तीन आठवडे गेले.

त्यामुळे त्या अकरावीच्या मुलाला रागवायला मी तोंड उघडले आणि मिटून घेतले. तो सतराव्या वर्षी जे करून बसला तेच मी पन्नाशीनंतर केले होते. आधी कळस मग पाया. वय वेगळे, घाई तीच.

आज मी एक-एक किलोने दोन फेऱ्या करते. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिते. एवढेच मिळवले, पण ते मोठे आहे.

हे आपलेच आहे

काही ज्येष्ठ म्हणतात, "सूर्यनमस्कार आहेत, मल्लखांब आहे, मग हे परदेशी डंबेल्स कशाला?" सूर्यनमस्कारांना माझा साष्टांग नमस्कारच आहे. पण त्यात हात जमिनीला रेटतात. वजन हातात धरून सावकाश उचलणे आणि उतरवणे ही वेगळी मेहनत आहे, आणि तीही आपल्याकडे जुनी आहे. आपल्या तालमींत जोर-बैठकांबरोबर जोडी फिरवत, करेला फिरवत. खांद्यांसाठीच ना ते? आपण मध्य प्रदेशात राहतो. २०१३ साली या राज्याने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. ज्या बाळंभटदादा देवधरांचे नाव मल्लखांबाशी जोडले जाते, ते पेशव्यांच्या दरबारातले. मराठी माणसाची ही ठेव इकडे मध्य प्रदेशातही मानाने नांदते आहे.

आणि ग्वाल्हेरने तर संकोच करूच नये. १८५८ साली झाशीच्या राणी लक्ष्मीबाई याच भूमीवर धारातीर्थी पडल्या आणि १९५७ साली, स्वातंत्र्यसमराच्या शताब्दी वर्षात, त्यांच्याच नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय इथे उभे राहिले. आज ती राष्ट्रीय संस्था आहे. देशभरातून मुले व्यायाम कसा शिकवावा हे शिकायला आपल्या गावात येतात. आणि आपल्या शाळेतला मुलगा तो गच्चीवर एकटा शिकतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लक्ष्मीबाईंचे नाव घेतले म्हणून मुलींविषयी. "मुलींचे खांदे पुरुषी होतील" असे मला एका आईने सांगितले. ताई, अर्ध्या-एक किलोने तसे काही होत नाही. होईल एवढेच की तुमची मुलगी दप्तर, बादली, पुढे स्वतःचे मूल न दुखता उचलेल, आणि पन्नाशीनंतर कदाचित तिच्यावर माझ्यासारखी बाटली उचलण्याची वेळ आलीच, तर तिला ती कशी उचलायची हे ठाऊक असेल. मुलींना वगळून हा वर्ग सुरू होणार असेल तर तो सुरू न झालेला बरा.

माझे मागणे

विश्वस्त मंडळासमोर माझे मागणे मोठे नाही. महागडी यंत्रे नकोत, आरसे नकोत. अर्धा, एक, दोन आणि तीन किलोंचे मोजके डंबेल्स, ते ठेवायला कुलपाचे कपाट आणि पी.टी.च्या सरांना थोडे प्रशिक्षण. आठवीपासून पुढे, मुले-मुली दोघांसाठी, आठवड्यातून दोन दिवस. प्रत्येकाची एक वही, त्यात तारीख, वजन, किती वेळा आणि दुखले का, एवढ्या चार नोंदी. कोण जास्त उचलतो अशी स्पर्धा कधीही नाही. स्पर्धा घ्यायचीच तर कोणाचा ढंग चांगला, याची घ्यावी. महिन्यातून एका रविवारी पालकांसाठीही वर्ग. खर्च गेल्या वर्षीच्या संमेलनातील मंडपाहून कमी येईल, हे मी कोषाध्यक्षांसमोर कागदावर मांडून दाखवीन.

पालकांना विनंती की "बंद कर" म्हणण्याआधी एकदा "करून दाखव" म्हणा. मूल डंबेल कसा उचलते ते उभे राहून पाहा. झोका दिसला तर वजन कमी करायला लावा. आणि मुलांनो, तुम्हाला एकच सांगते. शरीर ओरडून सांगत असेल तर ऐका. ऐकणे म्हणजे हार नव्हे.

तो अकरावीचा विद्यार्थी आता बरा होत आहे. मागच्या शनिवारी भांडारखोलीतल्या पेटीतले दोन लाकडी डंबेल्स त्याच्या हातात दिले. आधी त्याला हसू आले. मग सरांनी 'एक, दोन' सुरू केले. बाराव्या वेळी त्याच्या कपाळावर घाम होता. तो म्हणाला, "मॅडम, हे तर जड आहे!"

मी म्हटले, "जड नाही रे, सावकाश आहे."

पेटी भंगारात देण्याचा विचार मंडळाने सोडावा, अशी माझी नम्र विनंती आहे. ती माझ्या खोलीत ठेवली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे. फक्त उचलण्याआधी खांदे दहा वेळा फिरवून घ्यावेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुख्याध्यापिका